गिऱ्हाईक कोणत्या नावानं हाक मारतं?

आमच्या घरात फोनशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर नातवानं रेघोट्या मारलेली. फोनवर आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक काय बोललं ते मी तिच्यात लिहून ठेवते. गूळ किती मागितला, पैसे आले का, हे तर असतंच. पण त्यानं गुळाला काय नाव दिलं, तेही लिहिते. घरचे सुरुवातीला हसायचे. शेजारची एकजण म्हणाली, "काकी, गुळाला गूळ म्हणतील, नाहीतर काय म्हणणार?" वाचकहो, मलाही आधी तसंच वाटत होतं.

आम्ही करवीर तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे. ऊस साडेतीन एकर आणि मामंजींच्या वेळेपासून चालत आलेलं गुऱ्हाळ. चिपाडावर चुलवाण पेटवायचं, कायलीत रस उकळायचा, रानभेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आणून काढून टाकायची आणि गुळव्यानं पाक बघून हाक दिली की कायल उतरायची. रवे बांधून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अडत्याकडे न्यायचे आणि सौद्यात निघेल तो भाव मुकाट्यानं पदरात घ्यायचा. आता गंमत बघा. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून रसात हायड्रोसची पावडर टाकणारे टाकतात. आमच्या मालकांनी ते कधी केलं नाही, म्हणून आमचा गूळ तांबूस-काळपट. सौद्यात त्याला नेहमी भाव कमी. खरं तेच करायचं आणि वर नुकसान सोसायचं, असा तो व्यवहार होता.

२०२० च्या टाळेबंदीत आमचा माल घरातच अडकून पडला. तेव्हा थोरला म्हणाला, "आई, आपण थेट गिऱ्हाईकाला विकू. इंटरनेटवर आपलं पान करू." नात्यातल्या एका मुलानं ते करून दिलं. वर कायलीचा झकास फोटो आणि खाली मजकूर: 'पारंपरिक पद्धतीने निर्मित उत्तम प्रतीची ऊसजन्य उत्पादने.' आम्ही सगळे खूश. मालकांनी तर भावकीत चार जणांना दाखवलं.

तीन महिने गेले. फोन वाजला तो फक्त सोसायटीच्या सचिवांचा.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर सूनबाईनं मोबाइल घेतला आणि गूगलवर 'कोल्हापूर काळा गूळ' असं टाकून बघितलं. पानांमागून पानं उलटली, आम्ही कुठंच नाही. मग तिनं खट्याळपणे 'पारंपरिक ऊसजन्य उत्पादने' असं टाकलं. तर काय, आम्ही पहिले! पण आमच्या सात पिढ्यांत 'ऊसजन्य' असा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि जगात ज्याला गूळ पाहिजे असा एकही माणूस तो उच्चारणार नव्हता. वाण्याकडे जाऊन 'अर्धा किलो ऊसजन्य उत्पादन द्या' म्हणणारा तुम्ही कधी बघितला आहे का?

आता हे असं का होतं, ते मला जसं कळलं तसं सांगते. गूगल ही कंपनी १९९८ साली निघाली. तिचे संगणक जगभरची पानं सतत वाचत असतात आणि कोणत्या पानावर काय आहे याची नोंद करून ठेवतात. तलाठ्याच्या दप्तराची आठवण करा. गट नंबर सांगितला की उतारा हाती येतो. पण तुमच्या जमिनीची नोंद एका नंबरानं आणि तुम्ही मागताय दुसऱ्या नंबरानं, तर जमीन जागच्या जागी असून उतारा काही मिळायचा नाही. आमच्या गुळाचं तेच झालं होतं. माणूस शोधताना जे शब्द टाकतो, त्यांना या धंद्यात 'कीवर्ड' म्हणतात. मी त्याला हाकेचा शब्द म्हणते. पान कोणाचं वर दाखवायचं हे ठरवताना गूगल इतरही पुष्कळ गोष्टी बघतं. त्या पानाचा हवाला दुसऱ्या कुणी दिला आहे का, मजकूर कामाचा आहे का, शोधणारा कुठून शोधतो आहे, असं बरंच. अलीकडं सारख्या अर्थाचे शब्दही त्याला बरेचसे उमगतात. पण हाकेचा शब्दच तुमच्याकडे नसेल तर पुढची गाडी अडते.

मग ती हाक कुठून शोधायची? इथं माझी वही कामाला आली. तोवर ओळखीपाळखीतून थोडे फोन येऊ लागले होते. मी लिहीत गेले. पुण्याची बाई म्हणाली, 'केमिकल नसलेला गूळ आहे का?' मुंबईचा माणूस म्हणाला, 'ऑरगॅनिक जॅगरी.' कुणी म्हणालं 'काळा गूळ', कुणी 'गावरान', कुणी 'देशी'. आपण रवा म्हणतो, तर बाहेरचा कुणी ढेप म्हणे, कुणी भेली. हिंदी बोलणारा 'गुड' म्हणे. एका आजींनी विचारलं, 'बाळंतिणीच्या लाडवाला चालेल असा गूळ आहे का?' पुरणपोळीसाठी, चहात घालून चहा फाटणार नाही असा, एक एक किलोचा, घरपोच मिळणारा, पावडर केलेला... हायड्रोसचं नाव मात्र फार थोड्यांनी काढलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही आयुष्यभर नुकसान सोसलं, तिचं नावच गिऱ्हाईकाला ठाऊक नव्हतं! त्याच्या तोंडी होतं 'केमिकल'. शास्त्र शिकलेला माणूस म्हणेल, पाणीसुद्धा केमिकलच आहे. म्हणू दे. आम्ही पानावर लिहिलं: 'केमिकल नसलेला गूळ म्हणजे काय? आम्ही रसात हायड्रोस घालत नाही, म्हणून आमचा गूळ काळपट दिसतो.' गिऱ्हाईकाच्या शब्दानं हाक दिली आणि आत आल्यावर आपला शब्द समजावून सांगितला.

वहीखेरीज आणखी दोन-तीन फुकटच्या वाटा सूनबाईनं शोधल्या. गूगलच्या चौकटीत 'गूळ' एवढंच टाकायचं आणि थांबायचं. खाली आपोआप ओळी येतात. त्या ओळी लोकांनी केलेल्या शोधांवरून येतात. पानाच्या तळाशीही तसेच आणखी शोध दिलेले असतात. दुसरं म्हणजे 'सर्च कन्सोल' नावाची गूगलचीच सोय. आपलं पान आपलं आहे हे तिथं एकदा सिद्ध केलं की लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, कितींना आपलं नाव दिसलं आणि कितींनी दार उघडलं, हे ती दाखवते. पैसे लागत नाहीत. आणि तिसरं 'गूगल ट्रेंड्स', २००६ पासून आहे. एखादा शब्द वर्षाच्या कोणत्या दिवसांत जास्त शोधला जातो, ते त्यात कळतं. आमच्या वहीत तर तेही आधीच होतं. पौष लागायच्या आधीपासून 'चिक्कीचा गूळ' विचारणारे फोन सुरू होतात. तो चिकट गूळ आम्ही करत नाही. थोरला म्हणाला, "शब्द तर घालू, गिऱ्हाईक आलं की आपला खपवू." मी नको म्हटलं. तीळ आणून ठेवलेले, पाक जमला नाही, तर ती बाई संक्रांतीला कुणाचं नाव घेईल?

शुद्धलेखनाची एक कटकट मात्र सांगून ठेवते. 'गूळ' मधला 'गू' दीर्घ. माझे भाऊ शाळामास्तर होते, ते पानावर ऱ्हस्व बघून जेवले नसते. पण मोबाइलवर निम्मे लोक ऱ्हस्वच लिहितात, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिणारे तर कुणी एक यू लावतात, कुणी दोन ओ. आम्ही मजकुरात शुद्धच ठेवलं. गूगलला असा उन्नीस-बीस फरक बहुधा समजतो. शिवाय आपली मराठी अशी, की गूळ, गुळाचा, गुळात, गुळानं, असा एकच शब्द दहा रूपं घेतो. ती सगळी रूपं सहज बोलताना येतातच, मुद्दाम कोंबावी लागत नाहीत.

शब्द सापडले, ते ठेवायचे कुठं? पानाला एक शीर्षक असतं. गूगलवर शोधलं की सहसा तेच ठळक ओळीत दिसतं. आमच्या त्या शीर्षकात काय होतं, माहीत आहे? 'मुख्य पान.' दुकानाच्या पाटीवर 'दुकान' लिहावं तसं. तिथं आता 'कोल्हापूरचा काळा गूळ आणि काकवी, थेट गुऱ्हाळातून' असं आहे. पहिल्या दोन ओळींतच काय मिळतं आणि कुठून मिळतं, ते सांगून टाकलं. फोटोला नाव होतं मोबाइलनं दिलेले आकडे. त्याखाली 'कायलीत उकळणारा उसाचा रस' असं लिहिलं, कारण यंत्राला फोटोबद्दल बरंचसं शब्दांवरूनच कळतं आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा मोबाइलही तेच वाचून दाखवतो. काकवीला वेगळं पान दिलं. काकवी शोधणारा माणूस गुळाच्या ढिगाऱ्यात काकवी शोधत बसत नाही. 'कोल्हापुरी गूळ' हे शब्द आम्ही हक्कानं घातले. या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ते नाव कोणत्या मुलखातल्या गुळाचं, हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. दुसरीकडचा गूळ या नावानं विकणारे आहेत, हे तुम्हांला मी सांगायला नको.

हळूहळू फोन येऊ लागले. 'गूळ' एवढंच शोधणारा आमच्यापर्यंत क्वचित येई, तिथं मोठमोठ्या कंपन्या बसलेल्या. पण 'पाच किलो काळा गूळ घरपोच पुणे' असं लांबलचक शोधणारा यायचा, आणि तो आला की घेऊनच जायचा. अशी माणसं थोडी, पण पिशवी बरोबर घेऊन निघालेली.

इथवर सगळं नीट चाललं होतं. आता आमच्या हातून काय झालं ते सांगते. हा भाग लिहू नये असं थोरल्याचं म्हणणं होतं.

एक दिवस शहरातून एकाचा फोन आला. तुमचं पान पहिल्या नंबरावर आणून देतो, बारा हजार रुपये. थोरला भुलला. त्या माणसानं काय केलं? 'कोल्हापुरी गूळ' हे शब्द पानावर चाळीस वेळा घातले. 'कोल्हापुरी गूळ पाहिजे असेल तर आमचा कोल्हापुरी गूळ हाच कोल्हापुरी गूळ,' असली वाक्यं. मालकांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हा माणूस तोतरा आहे काय?" शिवाय तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावं आणि शब्दांची रास, माणसाला दिसू नये पण यंत्राला दिसावी म्हणून. आणि पानाच्या पोटात लपवलेली 'कीवर्ड'ची एक यादी, तिचे वेगळे दोन हजार. नंतर कळलं की ती यादी आपण वेब शोधात विचारातच घेत नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं होतं. शब्द कोंबणं आणि मजकूर लपवणं तर त्यांच्या नियमांत लबाडी म्हणून लिहिलेलं आहे, आणि तसं करणारं पान मागं ढकललं जातं किंवा काढूनच टाकतात. आमचं मुख्य पान काही आठवड्यांत होतं तिथूनही खाली गेलं. त्यामुळेच की आणखी कशानं, हे छातीठोकपणे मी कशी सांगू? पण गेलं खरं.

पैसे गेले त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नसतं. त्यानं आणखी दोन शब्द आणले होते. एक 'सेंद्रिय'. आमच्या उसाला युरिया पडतो, हे बांधावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे अन्नाला सेंद्रिय म्हणायचं तर त्यामागं प्रमाणीकरण लागतं. थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यात थोडी सवलत आहे, पण ती कागदाची; युरिया टाकून सेंद्रिय म्हणायची नव्हे. तो शब्द मालकांनी त्याच दिवशी काढायला लावला.

दुसरा शब्द आम्ही ठेवला. तो होता 'मधुमेह'.

त्या माणसानं दाखवलं की 'डायबेटिसमध्ये गूळ चालतो का' असं शोधणारे लोक पुष्कळ आहेत. त्यानं एक स्वतंत्र पानच केलं: 'मधुमेहींसाठी उत्तम काळा गूळ, साखरेला आरोग्यदायी पर्याय.' मी ते वाचलं होतं. खोटं सांगत नाही, वाचलं होतं. मनात किंचित खटकलंही. पण मुख्य पान खाली गेलं असताना तेच एक पान धावत होतं आणि रोज दोन-चार मागण्या येत होत्या. त्या हंगामात धाकटीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं होतं. मी गप्प बसले.

मग एका दुपारी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज शांत. म्हणाले, "काकी, तुमच्याकडून दोनदा गूळ मागवला. आईला मधुमेह आहे. तुमच्या पानावर वाचून तिला दोन वेळचा चहा गुळाचा दिला, वर जेवणानंतर खडा. साखर फार वाढली म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरी आहे." मी काय बोलणार? ते पुढं म्हणाले, "मी भांडायला फोन केला नाही. एकच विचारतो. तुमच्या घरात कुणाला मधुमेह आहे का? त्यांना तुम्ही हा गूळ देता का?"

वाचकहो, आमच्या सासूबाईंना पंधरा वर्षं मधुमेह आहे. गुऱ्हाळाच्या घरात राहून त्यांना गुळाचा खडा मिळत नाही. त्या हळूच कोठीकडे जातात म्हणून कोठीला कुलूप असतं आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. फोन कानाला होता तेव्हाही ती कमरेलाच होती.

मी खरं ते सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री घरात मोठं बोलणं झालं. थोरला म्हणाला, "आई, आपण काढलं तरी दुसरे दहा जण तेच लिहिणार आहेत. गिऱ्हाईक तिकडे जाईल." ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, पान आत्ताच्या आत्ता बंद कर. मालक विडी विझवून नुसते बसून होते. वाट काढली ती सूनबाईनं. ती म्हणाली, "आत्या, शब्दाचा काय दोष? लोक विचारतातच ना? चुकलं ते आपलं उत्तर. आपण विचारणाऱ्याला आत बोलावलं आणि खोटं सांगितलं. पान ठेवूया, उत्तर बदलूया."

मला ते पटायला रात्र गेली. पण बरोबर तीच होती. हाकेचा शब्द म्हणजे नुसता शब्द नसतो, त्यामागं कुणाचा तरी प्रश्न असतो. 'काळा गूळ किंमत' टाकणाऱ्याला भाव पाहिजे असतो, त्याला गुऱ्हाळाचा इतिहास सांगून उपयोग नाही. 'हायड्रोस कसा ओळखायचा' म्हणणाऱ्याला आज विकत घ्यायचंच असतं असं नाही. आणि 'डायबेटिसमध्ये गूळ चालतो का' हे टाकणारा माणूस रात्री आईच्या उशाशी बसून मोबाइल बघत असतो.

आता ते पान असं आहे. शीर्षक तेच, लोकांच्या तोंडचं: 'मधुमेहात गूळ चालतो का?' खाली सूनबाईनं लिहिलं: गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण गुळाचा मोठा भाग साखरच आहे आणि त्यानं रक्तातली साखर वाढते. साखरेऐवजी गूळ म्हणजे पथ्य नव्हे. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आमच्याही घरात सासूबाईंना मधुमेह आहे आणि आम्ही त्यांना हा गूळ देत नाही. काळा गूळ ज्यांना चालतो त्यांच्यासाठी दुसरं पान आहे. बस्स. विकत घ्यायची खूणही त्या पानावर ठेवली नाही.

मागण्या पडल्या. त्या वर्षी निम्मा माल पुन्हा यार्डात गेला आणि कर्जाचा हप्ता पुढं ढकलावा लागला, हे लपवून काय करू? चाळीस वेळचे शब्द काढून मुख्य पान सरळ भाषेत लिहिल्यावर ते परत वर यायला बरेच महिने लागले. पण त्या मधुमेहाच्या पानावरून अजून लोक येतात. सर्च कन्सोलवर दिसतं. वाचतात आणि जातात. अधूनमधून एखादा फोन करतो, "पान वाचलं, आईला देणार नाही, आमच्यासाठी दोन किलो पाठवा." अशांच्या नावापुढं मी वहीत एक टिंब काढते. कशासाठी, मलाही नीट सांगता येणार नाही.

तुम्ही हळद विकत असाल, तांदूळ विकत असाल, शेळ्या विकत असाल, तर फोनशेजारी अशी एक वही टांगा. लोक कोणत्या नावानं मागतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. बारा हजार मागणारा फोन आला तर आधी तुमच्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सर्च कन्सोल उघडायला सांगा.

राहता राहिल्या सासूबाई. गेल्या दिवाळीत नातवानं ते पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून त्या आधी गप्प झाल्या. मग मला हाक मारली आणि म्हणाल्या, "माझं दुखणं मला न विचारता साऱ्या मुलखाला सांगितलंस होय गं? आता संक्रांतीला तिळगुळाचा एक दाणा तरी देशील का नाही?"

मी किल्ली चाचपली आणि डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलं.